धुक्यात लोकर धुणारी बाई

नॅशव्हिलला लोक गाणी ऐकायला जातात. गिटारच्या आकाराच्या पाट्या, रुंद काठांच्या टोप्या घातलेली माणसं, प्रत्येक दारातून रस्त्यावर सांडणारा ढोलाचा आवाज, हे सगळं आम्हीही पाहिलं, पण गाडीच्या काचेतून. आम्ही गेलो होतो ते एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडून एक कुर्दी गोष्ट ऐकायला. परत आल्यापासून मैत्रिणी विचारतात, "काय गं, कसं आहे ते गाव?" मी सांगते, छान आहे, गरम नान मिळतो, पुदिना घातलेलं ताक मिळतं. बाकीचं तोंडी सांगवत नाही. म्हणून लिहायला बसले.

मी अकोल्याची. शाळेत मराठी शिकवत होते, आता निवृत्त आहे. मुलगी ऋचा अटलांटाला लोककथांवर पीएच.डी. करते आणि तिचा विषय आहे कुर्दी लोककथा. आमच्याकडे प्रत्येक लग्नात कोणीतरी तिला विचारतंच, "अगं, आपल्याकडे कमी गोष्टी आहेत का?" ती हसून सोडून देते. मला मात्र तिने एकदा नीट समजावलं होतं. चार देशांच्या सीमांवरच्या डोंगरात राहणारे हे लोक. स्वतःचा देश नाही. कुठे शाळेत आपली भाषा बोललं की छड्या, कुठे त्या भाषेत छापायला बंदी. "मग लिटरेचर कुठे राहणार, आई? गाणाऱ्यांच्या गळ्यात आणि बायकांच्या गोष्टींत. शब्दसुद्धा तिथेच टिकले. मेंढीच्या लोकरीचे, बर्फाचे, वाटांचे कितीतरी शब्द फक्त गोष्टींतच सापडतात." गावं जळाली तशी यातली बरीच माणसं डोंगर ओलांडून पळाली, छावण्यांत राहिली आणि त्यातली पुष्कळशी टेनेसीत येऊन वसली.

नेणारा होता माझा धाकटा भाऊ दिलीप. तरुणपणी अमेरिकेत आला तो इथलाच झाला. जन्मभर हमरस्त्यांचे नकाशे आखले, आता अटलांटाजवळ अल्फारेटात निवृत्त. वहिनी श्रूजबरीला नातवाकडे गेलेली, त्यामुळे स्वारी मोकळीच होती. "ताई, बसने कशाला जाता? मी ड्राइव्ह करतो," म्हणाला.

शुक्रवार, डोंगर उतरताना

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन निघालो. चॅटनूगाच्या पलीकडे घड्याळ एक तास मागे जातं. फोनने आपोआप वेळ बदलली, गाडीच्या घड्याळाने बदलली नाही. दिलीप म्हणाला, "ताई, फुकटात एक तासाने तरुण झालीस."

पुढे मोठा घाट आहे. जून महिना, खाली सगळीकडे लख्ख ऊन, आणि माथ्यावर अचानक धुकं. पुढच्या ट्रकचे मागचे दिवे तेवढे लाल दिसत होते. दिलीपने वेग कमी केला आणि सवयीप्रमाणे रस्त्याचा उतार, वळणाचा कोन असं काहीबाही समजावत राहिला. या माणसाला मी आयुष्यात कधी वाट चुकलेलं पाहिलं नव्हतं. लहानपणी अकोल्याच्या बाजारातही मी हरवायचे आणि तो, माझ्याहून लहान असून, मला शोधून आणायचा.

शनिवार, नाझेखालतींचं घर

शहराच्या दक्षिणेला एका रस्त्यावर कुर्दी दुकानं आहेत. सकाळी तिथल्या एका भट्टीवर आझाद भेटला. पन्नाशीचा, जाड मिशांचा, स्वतःचा मालट्रक चालवणारा. आम्ही जिच्याकडे जाणार होतो त्या नाझेबाईंचा हा मुलगा. त्याने आम्हाला लांबट गरम नान, पांढरं चीज आणि कमरेत बारीक असलेल्या पेल्यांतून काळा चहा दिला. साखरेचा खडा दातात धरून चहा प्यायचा. दिलीपने दोन पेले प्यायले आणि त्याला कामचलाऊ शब्द शिकायची हौस आली.

"नाव कसं विचारतात तुमच्यात?"

"नावे ते चि ये?" आझाद म्हणाला.

"नाव? नावच म्हणतात?" दिलीप उडालाच. "ताई, ऐकलंस? आपलंच की!"

ऋचा म्हणाली, "मामा, भाषांचं दूरचं नातं आहे. पाच म्हणजे पेंज, दहा म्हणजे देह." मामाला ते 'खाल' आणि मावशीला 'खालती' म्हणतात, हेही कळलं. म्हणून मग त्या आमच्याही नाझेखालती झाल्या.

खालतींचं घर बैठं, विटांचं, मागे लाकडी कुंपणाचं अंगण. दारात त्यांनी हात छातीवर ठेवला आणि "सर चावा" म्हणाल्या. म्हणजे तुमची जागा आमच्या डोळ्यांवर. ठेंगण्या, पांढरा रुमाल डोक्याला घट्ट बांधलेला, हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके. गोंदण पाहून मला माझी आजेसासू आठवली. जेवायला यपराख होतं, द्राक्षाच्या पानांत आणि कांद्याच्या पापुद्र्यांत भात भरून शिजवलेलं. ऋचाने आणि मी आमच्यासाठी बिनमांसाचं सांगून ठेवलं होतं, तर खालतींनी त्यासाठी वेगळं भांडं चढवलं होतं. "अजून घ्या" हे कुठल्याही भाषेत कळतं. त्यांच्या नाती, शाळकरी मुली, येऊन "हाय" म्हणून गेल्या. खालतींनी कुर्दीत काही विचारलं की उत्तर इंग्रजीत. आमच्याकडच्या घरांसारखंच.

जेवताना मी म्हटलं की रक्तदाबाच्या गोळ्या हॉटेलवरच राहिल्या. दिलीपने ऐकलं की नाही कोण जाणे. जेवण झाल्यावर तो डोळे चोळत उठला. "मी गाडीत जरा पडतो. तुमचं गोष्टीचं चालू द्या." खिडकीतून त्याची पांढरी गाडी मेपलच्या सावलीत दिसत होती. त्याने सीट मागे केलेली मी पाहिली.

ऋचाने रेकॉर्डर काढला. खालतींनी तो हाताने बाजूला सारला आणि मुलाशी काही बोलल्या. आझाद हसला. "आई म्हणते, गोष्ट दिवसा सांगत नाहीत. दिवसा गोष्ट सांगितली की घरचं जे माणूस वाटेवर असतं ते वाट चुकतं. जुन्या काळातलं काहीतरी."

आमच्याकडेही हेच म्हणत. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. भरदुपारी गोष्टीचा हट्ट धरला की आई हेच सांगून गप्प करायची. मी हे सांगितलं तेव्हा आझादने भाषांतर केलं, आणि खालती पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून हळू बोलू लागल्या. गाव सोडून पळताना त्या सगळ्यांसह एका गुहेत लपल्या होत्या. मुलं रडू नयेत म्हणून खालतींच्या आईने भरदिवसा गोष्ट सांगितली. त्याच वेळी खालतींचा भाऊ पाणी आणायला बाहेर गेला होता. तो परत आला नाही. आईने त्यानंतर मरेपर्यंत गोष्ट सांगितली नाही.

"मग राहू दे," ऋचा म्हणाली. "जूनमध्ये अंधार फार उशिरा पडतो, तोवर थांबता येणार नाही. हिवाळ्यात येऊ आपण."

खालतींनी नाकारलं. हिवाळा त्यांनी कोणाला कबूल केला नव्हता, असं म्हणाल्या. पुढच्या महिन्यात हृदयाचं ऑपरेशन होतं. आणि ही गोष्ट आईची, ती आता त्यांच्याशिवाय कोणाला येत नव्हती. नाती "लेटर, ग्रँडमा" म्हणतात. त्यांनी फक्त मला विचारलं, "तुमचं कोणी वाटेवर आहे का?"

मी खिडकीकडे बोट दाखवलं. "माझा भाऊ. तो काय तिथे झोपलाय."

त्यांनी मान डोलावली, पाय पोटाशी घेतले, आणि सुरुवात केली. "हेबू तुनेबू." होतं आणि नव्हतं. आपल्या कहाणीत आटपाट नगर असतं, निदान असतं तरी. यांची गोष्ट पहिल्याच पावलाला जमीन काढून घेते.

एक बहीण आणि एक भाऊ. भाऊ मीठ आणायला डोंगरापलीकडे निघाला. माथ्यावर एक झरा आहे. तिथे एक बाई बसून लोकर धुते. धुऊन पिळते आणि दगडांवर पसरते. डोंगरावर जे धुकं दिसतं ती तिची लोकर. येणाऱ्याजाणाऱ्याला ती नाव विचारते. ज्याने सांगितलं, त्याचं नाव ती आपल्या सुतात कातून घेते. मग त्याला घर कुठे ते आठवत नाही. तो पाण्याच्या काठी बसून राहतो. म्हाताराही होत नाही, कारण वय वाढतं ते नावाचं.

खालतींचा आवाज बारीक होता, पण त्यात एक ओढ होती. आझाद भाषांतर करता करता मध्येच थांबायचा आणि ऋचा कुजबुजून पुरं करायची. घराबाहेर कोणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू होतं.

"भाऊ धुक्यात शिरला. बाईने मान वर केली आणि विचारलं, नावे ते..."

खालती थांबल्या. त्या खिडकीकडे बघत होत्या. मेपलची सावली रिकामी होती.

वाट पाहणं

आधी आम्ही हसलोच. गेला असेल कॉफी आणायला. ऋचाने फोन लावला, तो सरळ व्हॉइसमेलवर गेला. मग माझ्या लक्षात आलं. गोळ्या! हॉटेल जवळच, सरळ रस्ता. ऋचाने हॉटेलला फोन केला. हो, ते आले होते, खोलीत जाऊन लगेच निघाले. केव्हाच निघाले.

एवढ्या वेळात तो दोनदा येऊन गेला असता.

आझाद ट्रक घेऊन बघायला गेला. हॉटेलपर्यंत जाऊन, आजूबाजूच्या गल्ल्या पालथ्या घालून परत आला. कुठे अपघात नव्हता. त्याने इस्पितळांना फोन लावले. ऋचा पोलिसांना काय सांगायचं ते मला विचारत होती. "मामाने कोणता शर्ट घातला होता? आई, प्लीज, आठव ना." मला आठवेना. माझ्या डोळ्यांपुढे दिलीप येत होता तो अर्ध्या चड्डीतला.

या सगळ्या धावपळीत खालती जागच्या हलल्या नव्हत्या. त्या आझादला काहीतरी पुन्हा पुन्हा सांगत होत्या आणि तो वैतागून इंग्रजीत म्हणत होता, "मॉम, नॉट नाऊ."

"काय म्हणतात त्या?" मी विचारलं.

ऋचाने सांगितलं. "गोष्ट अर्धी राहिलीय. तो धुक्यातच उभा आहे. पुरी करू द्या म्हणतायत."

मी शिकलेली बाई आहे. एरवी मी अशा गोष्टींवर वर्गात मुलांना भाषण दिलं असतं. पण साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण म्हटल्याशिवाय आमच्या आईने कधी पाट सोडला नाही. मी खालतींपुढे जमिनीवर बसले आणि म्हटलं, "होऊ दे पुरी."

ऋचाने अडखळत भाषांतर केलं. धुकं खाली घरापर्यंत आलं. बहिणीने ओळखायचं ते ओळखलं. ती धुक्याच्या काठापर्यंत गेली आणि तिने भावाला हाक मारली.

इथे खालतींनी बोट माझ्याकडे केलं.

"आई, यू हॅव टू कॉल हिम," ऋचा म्हणाली.

"दिलीप!" मी हाक मारली. त्या गालिच्यांच्या, टीव्हीच्या, प्लास्टिकच्या फुलांच्या खोलीत मला माझीच लाज वाटली.

खालतींनी मान हलवली. ते नाव नव्हे. त्यांनी तळहात जमिनीवर, लहान मुलाच्या उंचीइतका वर धरला.

आमचे वडील, अप्पा, गेल्यापासून ते नाव मी उच्चारलं नव्हतं. आज तो काटकुळा म्हातारा आहे, पण लहानपणी गुटगुटीत होता. तिन्हीसांजेला गच्चीच्या कठड्यावरून मी त्याला बोलवायचे. डोळे मिटले आणि तशीच ओरडले, "ढब्याऽऽ! घरी ये रे! पानं वाढलीत!"

बाहेरचं यंत्र बंद झालं होतं. फ्रीजची घरघर तेवढी ऐकू येत होती. खालतींनी पुढचं भराभर सांगून टाकलं. भावाने बाईकडे पाठ फिरवली आणि आवाजामागोमाग चालत आला. शेवटी त्या म्हणाल्या, माझी गोष्ट दूर गेली, ऐकणाऱ्यांच्या आईबापांवर कृपा असो. आणि ओंजळ चेहऱ्यावरून फिरवली.

थोड्या वेळाने रस्त्याच्या टोकाला दिलीपची गाडी वळली. कडक उन्हात तिचे पुढचे दिवे लागलेले होते आणि वायपर चालू होते.

दिलीपने सांगितलं ते

गाडीचं छप्पर, काचा, सगळं ओलं होतं. मी त्याचा हात धरला तर गार. त्याच्या हातात गोळ्यांची पिशवी होती.

"फार वेळ झाला का?" त्याने विचारलं. "नेव्हिगेशनने उजवीकडे वळ म्हटलं. म्हटलं, पुढचा रस्ता बंद असेल, डिटूर असेल. दोन्ही बाजूंनी झाडी, पाटी एक नाही. मग धुकं आलं. ताई, असला रस्ता कोणी आखत नाही. त्याला कडाच नव्हत्या."

"मग?"

"ओढ्याशी एक बाई होती. काहीतरी पांढरं धूत होती. काच खाली करून रस्ता विचारणार, तर तिनेच आधी नाव विचारलं."

ऋचा पुढे झाली. "कुठल्या भाषेत, मामा?"

"मराठीतच असावं. 'नाव' म्हणाली. सकाळचे ते शब्द डोक्यात राहिले असतील माझ्या."

"तू सांगितलंस?" मी विचारलं.

"तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ताई मागून ओरडली. मला वाटलं, ही मागच्या सीटवर कधी येऊन बसली? वळून पाहिलं, कोणी नव्हतं. मग गाडी रिव्हर्स घेतली ती सरळ इथे."

ही गोष्ट त्याने ऐकलेली नव्हती. घरी आल्यावर आम्ही त्याच्या सगळ्या तपासण्या केल्या. डोकं, हृदय, साखर, काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात कधी कधी भांबावल्यासारखं होतं. होत असेल. नकाशे आखणाऱ्या त्या माणसाने नंतर फोनमधल्या प्रवासाच्या नोंदीत तो रस्ता शोधला. त्या दुपारचा तेवढा तुकडा कोरा आहे.

पण त्या वेळी, दारातच, आझाद ऋचाकडून ऐकून हे सगळं आईला सांगत होता आणि खालती दिलीपच्या तोंडाकडे बघत होत्या. त्याचं सांगून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. आझादने त्याचं लगेच भाषांतर केलं नाही. त्यांनी त्याचा दंड हलवला.

"आई विचारते," तो म्हणाला, "तिथे आणखी कोणी होतं का?"

दिलीप विचारात पडला. "होता एक. पाण्याच्या काठाला बसलेला. पलीकडे बघत."

"म्हातारा?" आझादने विचारलं.

"नाही, नाही. तरुण. ऋचापेक्षाही लहान."

खालतींनी स्वतःच्या पायांकडे बोट केलं. याचं कोणी भाषांतर केलं नाही. दिलीपला कळलं.

"अनवाणी होता," तो म्हणाला. "एवढ्या गारठ्यात. मला त्याचंच नवल वाटलं."

खालती तिथेच उंबऱ्यावर बसल्या. मग मुलाशी खालच्या आवाजात बोलल्या. आझाद खाली वाकून आईचं बोलणं ऐकत राहिला. दिवसभर आईच्या समजुतींना हसणारा माणूस. शेवटी आम्हाला म्हणाला, "बर्फ होता. आईच्या पायात काही नव्हतं. पाणी आणायला जाताना मामाने स्वतःचे बूट तिला घालून दिले. म्हणाला, मी जवळच जातोय. त्या बुटांत चिंध्या कोंबून ती सीमेपार चालत आली. हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. कोणालाच नव्हतं."

खालती उठल्या. ऋचा हात द्यायला गेली तर त्यांनी तो घेतला नाही. स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात गेल्या, तशाच, पायात काही न घालता. ऊन अजून उतरलं नव्हतं. कपड्यांच्या दोरीखाली उभं राहून, तळवे तोंडापाशी धरून त्यांनी हाक मारली.

"हे मामाचं नाव नाही," आझाद पुटपुटला. भिंतीवर मामाचा फोटो होता, त्याखाली नाव होतं. हे दुसरंच काहीतरी होतं, छोटं, दोन अक्षरी, लाडाचं. त्यांनी ते पुन्हा उच्चारलं. पुन्हा. आवाज म्हाताऱ्या बाईचा राहिला नव्हता. शेजारची एक बाई बाहेर येऊन बघत राहिली. नाती दारात येऊन उभ्या राहिल्या.

आम्ही ऐकत होतो. सगळेच ऐकत होतो. दिलीपने माझा हात घट्ट धरला होता.

मग आझाद अंगण ओलांडून गेला. मागच्या कुंपणाचं लाकडी फाटक कडी लावून बंद होतं. त्याने कडी काढली, फाटक सताड उघडलं, आणि ते वाऱ्याने मिटू नये म्हणून खाली एक वीट लावली.

संध्याकाळी आम्ही निरोप घेतला तेव्हाही ते तसंच उघडं होतं.